कॅल्क्युलस घ्यायचं नसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना गणितातलं नेमकं काय शिकवावं?

शनिवारचे_दोन_तास

अकरावी कॉमर्सची वीस मुलं आहेत. सगळ्यांनी गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलंय. बहुतेकांची दहावी राज्य मंडळाची, मराठी किंवा सेमी माध्यमाची. गणित भाग १ आणि भाग २ मिळून पास झालेत, पण आत्मविश्वास नाही. पुढे बी.कॉम., स्पर्धा परीक्षा, घरचं दुकान, शेती, एखाद-दोघांच्या मनात सीए. इंजिनिअरिंगकडे कोणीच जाणार नाही.

यांच्यासाठी शनिवारी दोन तास मिळालेत, वर्षात साधारण ३० शनिवार, म्हणजे ६० तास. परीक्षा नाही, मार्क नाहीत, अभ्यासक्रम ठरवायची पूर्ण मोकळीक आहे. दहावीचंच पुस्तक पुन्हा घ्यायचं मनात नाही, कारण त्यातून जे उमगलं नाही ते त्याच वाटेने पुन्हा उमगणार नाही.

विचारायचं ते असं: डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन बाजूला ठेवलं तर या वयात कोणतं गणित खोलात जाऊन करण्यासारखं आहे? मुलं नेमकी कुठे चुकतात आणि का, हेही लिहिलंत तर फार उपयोग होईल. नुसती धड्यांची नावं नकोत.

---

हप्तेबंद

टक्केवारीपासून सुरुवात करा. 'अमक्याचे इतके टक्के काढा' हे या मुलांना येतं. घोडं अडतं ते 'कशाचे टक्के' इथे. पहिल्याच तासाला हे गणित द्या: बिल ५०० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, तर वस्तूची मूळ किंमत किती? अर्ध्याहून जास्त मुलं ५०० चे १८ टक्के, म्हणजे ९० काढून ४१० सांगतील. १८ टक्के मूळ किमतीवर आहेत, ५०० वर नाहीत. मूळ किंमत × १.१८ = ५००, म्हणून मूळ किंमत ४२३.७३ आणि कर ७६.२७. ताळा त्यांच्याकडूनच करून घ्या: ४१० वर १८ टक्के लावले तर ४८३.८० येतात, ५०० येत नाहीत.

इथून एकच सवय लावायची. वाढ किंवा घट ही बेरीज-वजाबाकी नाही, ती गुणक आहे. २० टक्के वाढ म्हणजे × १.२, २० टक्के घट म्हणजे × ०.८. दोन्ही एकापाठोपाठ झाल्या तर ०.९६, म्हणजे ४ टक्के तोटा. हे एकदा हाडात मुरलं की चक्रवाढ व्याज वेगळं शिकवावं लागत नाही, कारण तो त्याच गुणकाचा घात आहे. टक्का आणि टक्केबिंदू यांतला फरकही याच आठवड्यात उरकून टाका. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. ही घट पाव टक्केबिंदूची, पण टक्क्यांत मोजली तर ०.२५ ÷ ६.५०, म्हणजे सुमारे ३.८५ टक्क्यांची.

आता खरा मोठा भाग, व्याज. याला किमान १५-१६ तास द्या. दहावीच्या भाग १ मध्ये अंकगणिती श्रेढी आहे. ती या मुलांनी सूत्र म्हणून पाठ केलेली असते, ती इथे कामाला येते.

आवर्ती ठेव घ्या. महिन्याला १,००० रुपये, १२ महिने, दर ६ टक्के. मुलं म्हणतील १२,००० चे ६ टक्के, ७२० रुपये व्याज. पण सगळे १२,००० वर्षभर बँकेत नव्हतेच. पहिला हप्ता १२ महिने राहिला, दुसरा ११, शेवटचा फक्त १. १ ते १२ ची बेरीज ७८. एक हजार रुपयांचं एका महिन्याचं व्याज ५ रुपये, म्हणून ७८ × ५ = ३९०. मुलांना वाटलं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. का निम्मं? कारण सरासरीने प्रत्येक रुपया साडेसहा महिनेच राहिला.

हेच चित्र उलटं केलं की कर्ज होतं. 'फ्लॅट' व्याजाचा (कर्ज फिटत गेलं तरी पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच लावलेल्या व्याजाचा) सापळा इथेच उलगडतो. १ लाख रुपये, २ वर्षं, १२ टक्के फ्लॅट: व्याज २४,०००, हप्ता १,२४,००० ÷ २४ = ५,१६६.६७. घटत्या शिलकीवर १२ टक्के असते तर हप्ता ४,७०७.३५ आला असता, एकूण व्याज १३,००० च्या आत. दोन्ही कागदांवर '१२ टक्के'च लिहिलेलं असतं. मग फ्लॅटचा खरा दर किती? मुद्दल दर महिन्याला सारखी फिटते असं समजलं तर सरासरी शिल्लक कर्जाच्या २५/४८, म्हणजे निम्म्याहून जराशी जास्त राहते. १२ ला त्याने भागलं की सुमारे २३ टक्के येतात. नेमकं उत्तर काढलं तर २१.६ टक्के. श्रेढीच्या एका बेरजेने तोंडी इतक्या जवळ जाता येतं, हे मुलांना दाखवाच.

हप्त्याचं सूत्र आधी देऊ नका. आधी वहीत चार रकाने आखून घ्या: उरलेली शिल्लक, त्यावरचं व्याज, मुद्दलीत गेलेला भाग, नवी शिल्लक. वरच्या कर्जाचा पहिला महिना: व्याज १,०००, मुद्दलीत ३,७०७.३५, शिल्लक ९६,२९२.६५. दुसरा महिना: व्याज ९६२.९३, मुद्दलीत ३,७४४.४२, शिल्लक ९२,५४८.२३. पाच-सहा ओळी हाताने झाल्यावर मुलं आपोआप विचारतात की २४ ओळी न लिहिता हप्ता कळेल का. तेव्हा सूत्र द्यायचं:

हप्ता = (मुद्दल × र) ÷ (१ − १/(१ + र)^न)

इथे र म्हणजे मासिक दर (१ टक्का असेल तर ०.०१) आणि न म्हणजे हप्त्यांची संख्या.

१.०१ चा २४ वा घात साध्या कॅल्क्युलेटरवर कसा काढायचा, हा घातांकांच्या नियमांचा उत्तम सराव आहे. वर्ग करत जायचं: १.०२०१, मग १.०४०६०४०१, मग १.०८२८५६७१ (हा आठवा घात), मग १.१७२५७८६४ (सोळावा). सोळावा गुणिले आठवा म्हणजे चोविसावा: १.२६९७३४६५. चोवीसऐवजी पाच गुणाकार.

मधेच केलेली गोळाबेरीज, म्हणजे अपूर्णांक तोडून आकडा 'सोपा' करणं, ही इथली सगळ्यात महाग चूक. २० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के या गृहकर्जाचा हप्ता १७,३५६ येतो. मासिक दर ०.७०८३ टक्के आहे. तो 'सोपा' म्हणून ०.७ धरला तर १७,२३० येतो. महिन्याला १२६ चा फरक, पण २४० हप्त्यांत तो ३०,००० च्या वर जातो. नियम एकच: गोळाबेरीज फक्त शेवटच्या ओळीत. याच कर्जाच्या पहिल्या हप्त्यात व्याज १४,१६७ आणि मुद्दल अवघी ३,१९० असते, हेही मुलांना स्वतः काढू द्या.

---

मध्यक

वरचं सगळं मान्य. माझ्या मते दुसरा मोठा भाग सांख्यिकी आणि संभाव्यता. दोन्ही मिळून २०-२२ तास लागतील.

दहावीत मध्य, मध्यक, बहुलक येऊन गेलेत, पण वर्गीकृत सारणीतून सूत्राने. सूत्र कशासाठी आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. एक सारणी घ्या: ५० विद्यार्थी, गुण ०–२० मध्ये ८ जण, २०–४० मध्ये १४, ४०–६० मध्ये १८, ६०–८० मध्ये ७, ८०–१०० मध्ये ३. मधला म्हणजे २५ वा. पहिल्या दोन वर्गांत २२ जण संपले. अजून ३ हवेत. पुढच्या वर्गात १८ जण २० गुणांवर पसरलेत, म्हणून ३/१८ वाट पुढे जायचं: ४० + २० × ३/१८ = ४३.३३. सूत्र हेच सांगतं, पण असं बोलून केलं तर संचित वारंवारता (त्या वर्गापर्यंतची एकूण संख्या) कुठली घ्यायची यात गोंधळ होत नाही. नेहमीची चूक म्हणजे आधीच्या वर्गाची (२२) घ्यायची सोडून त्याच वर्गाची (४०) घेणं. मग २५ − ४० ऋण येतं आणि मुलं वजाचं चिन्ह गुपचूप पुसून पुढे जातात.

सरासरी कधी फसवते, यावर एक पूर्ण तास हवा. एका दुकानातल्या पाच जणांचे पगार हजारांत १२, १३, १४, १५ आणि मालकाचे ९६. मध्य ३०, मध्यक १४. तीस हजार पगार तिथे कोणालाच नाही. दुसरं, सरासरीची सरासरी: एका तुकडीत ४० मुलं, सरासरी ६०, दुसरीत १० मुलं, सरासरी ९०. दोन्हींची मिळून ७५ नाही, (२,४०० + ९००) ÷ ५० = ६६. तिसरं, जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किमी वेग असेल तर सरासरी वेग ४८. तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: वजन विसरणं. म्हणून भारित सरासरी हा शब्द पहिल्याच दिवशी द्या आणि तिन्ही उदाहरणं त्याच्याखाली आणा.

निर्देशांकांसाठी घरातल्या पगारपत्रकाइतकं चांगलं साधन नाही. सातव्या वेतन आयोगाच्या केंद्रीय सूत्रात महागाई भत्ता असा निघतो: औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची (पाया २००१ = १००) मागच्या १२ महिन्यांची सरासरी घ्यायची, तीतून २६१.४२ वजा करायचे, २६१.४२ ने भागायचं, १०० ने गुणायचं. आता निर्देशांक २०१६ च्या पायावर निघतो, म्हणून आधी २.८८ या जोडगुणकाने गुणावं लागतं. समजा नव्या पायावरची सरासरी १४३ आहे. १४३ × २.८८ = ४११.८४. त्यातून २६१.४२ गेले, उरले १५०.४२. भागिले २६१.४२ म्हणजे ५७.५४ टक्के. अपूर्णांक सोडून ५७. पाया बदलणं म्हणजे काय हे या एका गणितात कळतं. २.८८ विसरलं तर भत्ता ऋण येतो, ही चूक मुद्दाम करून दाखवा.

संभाव्यतेत फासे आणि पत्ते थोडे कमी करा. पत्त्यांची तर अनेक मुलांना ओळखही नसते, मग किलवर-बदाम समजावण्यातच तास जातो. त्याऐवजी नाणी. वीस मुलं आहेत, प्रत्येकाने १०० वेळा नाणेफेक करून छाप्यांची संख्या फळ्यावर लिहायची. वीसही आकडे साधारण ४० ते ६० च्या मधे येतील, फार तर एखादा बाहेर. मग चार-चार मुलांचे आकडे एकत्र करा: ४०० फेकींत छापे १८० ते २२० च्या मधे, म्हणजे ४५ ते ५५ टक्के. फेकी चौपट केल्या तेव्हा पसारा निम्मा झाला. हीच मतचाचणीची गुरुकिल्ली. त्रुटी साधारण १ ÷ √न असते: १०० लोक विचारले तर १० टक्के इकडे-तिकडे, १,००० विचारले तर ३ टक्के. बातमीत '२ टक्क्यांची आघाडी' आली आणि नमुना १,००० चा असेल तर त्या आघाडीवर पैज लावू नये, एवढं मुलांना सांगता आलं पाहिजे. (नमुना यदृच्छ निवडलेला असेल तरच हे लागू. एकाच पेठेतले हजार लोक विचारून उपयोग नाही.)

सशर्त संभाव्यता सूत्राने शिकवूच नका. माणसं मोजा. १०,००० लोक, त्यांतल्या १ टक्क्याला आजार, म्हणजे १००. तपासणी आजारी माणसाला ९० टक्के वेळा पकडते: ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतल्या ५ टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते: ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यांत खरे आजारी ९०. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता १५ टक्के, ९० नाही. हेच गणित सूत्रात घातलं की मुलं अंश आणि छेद अदलाबदल करतात. माणसं मोजली की क्वचितच चुकतात.

---

शनिवारचे_दोन_तास

दोघांचेही मनापासून आभार. आवर्ती ठेव आणि श्रेढी ही जोडी माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

दोन गोष्टी अजून. वर्गसमीकरण, आलेख हे सगळं वगळायचं का? कॅल्क्युलस नाही म्हटल्यावर 'जास्तीत जास्त नफा' यासारखी गणितं हातची जातील असं वाटतं. आणि सीए म्हणणारे जे दोघे आहेत त्यांचं काय?

---

दुसरा_भाग

वगळू नका. 'जास्तीत जास्त'साठी डेरिव्हेटिव्ह लागतंच असं नाही. दहावीत वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवलेलं असतं आणि मुलांना ती पद्धत निरर्थक वाटते, कारण उत्तर तर सूत्रानेही येतं. तिचा खरा उपयोग इथे आहे.

मिसळीची गाडी. ६० रुपयांना १०० प्लेट जातात. दर ५ रुपयांनी वाढवला की ५ प्लेट कमी जातात. क वेळा वाढवला तर विक्री = (६० + ५क)(१०० − ५क) = ६,००० + २००क − २५क². पूर्ण वर्ग करा: ६,४०० − २५(क − ४)². वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून विक्री ६,४०० च्या वर जाऊच शकत नाही आणि ती क = ४ ला मिळते: दर ८०, प्लेट ८०.

इथे थांबू नका. एका प्लेटला ३० रुपये खर्च धरा. नफा = (३० + ५क)(१०० − ५क) = ४,२२५ − २५(क − ७)². आता क = ७: दर ९५, प्लेट ६५, नफा ४,२२५. सर्वाधिक विक्रीचा दर आणि सर्वाधिक नफ्याचा दर वेगळे निघाले. कॉमर्सच्या मुलाला हे एकदा स्वतःच्या हाताने काढता आलं की अर्थशास्त्राच्या तासाला त्याचा फायदा होतो. चूक कुठे होते? −२५ बाहेर काढताना. २००क ÷ (−२५) = −८क, हे चिन्ह बदलायचं राहतं आणि (क + ४)² येतं. उपाय म्हणजे क = ०, १, २… ७ असा तक्ता आधी करून घ्या. शिखर डोळ्यांना दिसलेलं असलं की चिन्हाची चूक स्वतःच पकडली जाते.

आता अभ्यासक्रमाबद्दल. बारावी कॉमर्सच्या गणित आणि संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक दोन भागांत आहे. पहिल्या भागात तर्कशास्त्र आणि आव्यूह (मॅट्रिक्स) सोडले तर बाकी सगळं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि त्यांचे उपयोग. दुसऱ्या भागात कमिशन-दलाली-सूट, विमा आणि वार्षिकी, रेषीय समाश्रयण (रिग्रेशन), कालश्रेणी, निर्देशांक, रेषीय प्रायोजन (लिनिअर प्रोग्रॅमिंग), नेमणुकीचे आणि क्रमवारीचे प्रश्न, संभाव्यता वितरणं. तुम्हाला हवंय ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या भागात आहे आणि तो पहिल्या भागावर फारसा अवलंबून नाही. अपवाद एकच, संभाव्यता वितरणाच्या धड्यात सलग चलासाठी इंटिग्रेशन येतं. तेवढं सोडा, विलग चल आणि द्विपद वितरण ठेवा. सीबीएसईने २०२०-२१ पासून अकरावीला उपयोजित गणित हा पर्याय दिला आहे, पण त्यातही थोडं कॅल्क्युलस आहेच, तेव्हा तो जसाच्या तसा उचलता येणार नाही.

रेषीय प्रायोजन, म्हणजे हातातल्या मर्यादा पाळून सर्वाधिक नफा कशात आहे ते शोधणं, जरूर घ्या. दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि आलेख या मुलांना येतात. बचत गटाचं उदाहरण: चकलीच्या एका खोक्याला २ तास करायला, १ तास भरायला. लाडवाच्या खोक्याला १ तास करायला, २ तास भरायला. करायला ४० तास, भरायला ५० तास हातात. नफा चकलीवर ६०, लाडवावर ५०. कोपरे: (०, ०), (२०, ०), (१०, २०), (०, २५). नफा अनुक्रमे ०, १,२००, १,६००, १,२५०. उत्तर १० खोकी चकली, २० खोकी लाडू. मुलं हमखास (०, ४०) हा बिंदू घेतात, कारण पहिली रेषा तिथे अक्षाला मिळते आणि नफा २,००० दिसतो. पण ४० खोकी लाडू भरायला ८० तास लागतील. प्रत्येक कोपरा दोन्ही अटींत घालून बघायचा, त्याशिवाय नफा काढायचा नाही, असा दंडक ठेवा.

सीएच्या दोघांना आत्ताच स्पष्ट सांगा. सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर १०० गुणांचा: व्यावसायिक गणित ४०, तर्क २०, सांख्यिकी ४०. वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तुमच्या ६० तासांत त्यातला मोठा हिस्सा होईल. पण व्यावसायिक गणितात डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचा एक धडा आहे. तो धडा त्यांना बाजूला दहा-बारा तास बसून करावा लागेल. बी.एस्सी. सांख्यिकीचा विचार असेल तर मात्र एसपी घेऊन चालणार नाही, तो निर्णय अकरावीच्या सुरुवातीलाच बदलायला हवा.

---

तेहतीस_फुटी

भूमितीबद्दल कोणीच लिहिलं नाही. शेतीकडे जाणारी मुलं आहेत म्हणता, मग महत्त्वमापन विसरून कसं चालेल?

एकक आधी. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे हेक्टर. आर आणि गुंठा इतके जवळ आहेत की लोक दोन्ही एकच धरतात. ०.८१.०० हेक्टर म्हणजे ८,१०० चौरस मीटर, भागिले १०१.१७, सुमारे ८०.०६ गुंठे, दोन एकर आणि किंचित. छोट्या तुकड्यात फरक जाणवत नाही. पण १०० आरला सव्वा गुंठ्याच्या जवळ फरक पडतो.

आता एक चूक जी गावोगाव दिसते. चौकोनी तुकड्याचं क्षेत्र काढताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि दोन्ही सरासऱ्या गुणतात. हे फक्त काटकोनी आयतालाच बरोबर. इतर कुठल्याही चौकोनात उत्तर जास्तच येतं. चारही बाजू १०० फूट, पण एक कर्ण १२० असेल तर दुसरा १६० निघतो आणि क्षेत्र ½ × १२० × १६० = ९,६०० चौरस फूट. सरासरीच्या पद्धतीने १०,०००. दर चौरस फुटाला १,५०० धरला तर फरक ६ लाखांचा. उपाय सोपा आहे: चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजायचा, दोन त्रिकोण करायचे आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्र देणारं हेरॉनचं सूत्र वापरायचं. चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही, हे चार पट्ट्या आणि चार स्क्रू घेऊन वर्गात करून दाखवा. चौकट हाताने दाबली की तिरकी होते, बाजू त्याच राहतात, क्षेत्र कमी होतं. कर्णाची पाचवी पट्टी लावली की चौकट जागची हलत नाही.

दुसरा विषय प्रमाणवाढीचा. टाकीचा व्यास दीडपट केला, उंची तीच, तर पाणी दीडपट नाही, २.२५ पट. उंचीही दीडपट केली तर ३.३७५ पट. ब्रासचं माप (१०० घनफूट) यातच घ्या. आणि छतावरचं पावसाचं पाणी: १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर. ६० चौरस मीटरचं छत, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ३३,६०० लिटर. छताचं क्षेत्र जमिनीवरच्या सावलीचं घ्यायचं, उतरत्या पत्र्याचं नाही. मुलं पत्रा मोजून मोकळी होतात.

'हप्तेबंद' यांच्या आवर्ती ठेवीच्या गणिताला एक पुस्ती. ३९० हे सरळ व्याजाने. बँका सहसा तिमाही चक्रवाढ लावतात, त्यामुळे हातात सुमारे ३९५ येतात. पासबुकाशी ताडून पाहणारा एखादा विद्यार्थी हे विचारेलच.

---

हप्तेबंद

पुस्ती बरोबर आहे, ती वर्गातही सांगावी.

तासांचा अंदाज: टक्केवारी आणि गुणोत्तर १०, व्याज आणि हप्ते १६, सांख्यिकी १४, संभाव्यता ८, महत्त्वमापन ८, पूर्ण वर्ग आणि रेषीय प्रायोजन ४. शेवटच्याला चार तास अपुरे वाटतील. जादा तास काढायचेच झाले तर व्याजातून काढा, सांख्यिकीतून नको. स्पर्धा परीक्षेचा वेगळा तास लागणार नाही. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर २०० गुणांचा, त्यात ३३ टक्के मिळवावे लागतात आणि त्यातलं अंकगणित आणि तक्तेवाचन दहावीच्याच पातळीचं ठरवून दिलेलं आहे.

एक्सेल किंवा गुगल शीट दुसऱ्या सत्रात आणा. हप्त्याचा चार रकान्यांचा तक्ता वहीत झाल्यावरच 'पीएमटी' (हप्ता काढणारं) आणि 'रेट' (व्याजदर काढणारं) ही फंक्शनं दाखवा. तिथे दोन चुका ठरलेल्या: वार्षिक दर १२ ने न भागता टाकणं, आणि आलेले-गेलेले पैसे एकाच चिन्हाने लिहिणं. 'रेट'मध्ये कर्ज धन लिहिलं तर हप्ता ऋण लिहावा लागतो, नाहीतर उत्तराऐवजी 'एरर' येतो.

पहिल्या शनिवारी शिकवायला सुरुवात करण्याआधी पाच प्रश्न द्या, वीस मिनिटं, कॅल्क्युलेटर चालेल. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा कोणतं चुकीचं उत्तर आलं ते लिहून ठेवा.

१. १८ टक्के जीएसटी धरून ५०० रुपये, मूळ किंमत किती? ४१० आलं तर 'कशाचे टक्के' इथून सुरुवात.

२. १,००० चे १,५०० झाले, किती टक्के वाढ? परत १,००० झाले, किती टक्के घट? दोन्हीला ५० आलं तर तेच. (दुसरं ३३⅓.)

३. लांबी आणि रुंदी दोन्ही १० टक्क्यांनी वाढल्या, क्षेत्र किती वाढलं? २० आलं तर गुणक अजून बसलेला नाही. (२१.)

४. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग? ५० आलं तर भारित सरासरी.

५. महिन्याला १,००० ची आवर्ती ठेव, ६ टक्के, वर्षाचं व्याज अंदाजे किती? ७२० येईलच, बहुधा वीसच्या वीस जणांचं. हा कागद जपून ठेवा आणि श्रेढीच्या तासाला परत वाटा.